चिंधीला पीळ, मनगटाला रंग

इलाइट चौराहा हा झाशीचा सर्वांत गजबजलेला चौक. एकीकडे रेल्वे स्टेशन, दुसरीकडे जुने शहर आणि किल्ला. महाराष्ट्रातून झाशीला येणारा माणूस बहुधा राणी लक्ष्मीबाईंच्या ओढीने येतो आणि स्टेशनातून निघून या गजबजाटातून किल्ल्याकडे जातो. या जिल्ह्याची सरकारदरबारी आणखी एक ओळख आहे, हे त्याला सहसा ठाऊक नसते. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना सुरू केली आणि प्रत्येक जिल्ह्याची एक खास वस्तू ठरवली. झाशीच्या नावापुढे लिहिले गेले ‘सॉफ्ट टॉइज’, म्हणजे फायबर भरलेली मऊ कापडी खेळणी. अस्वले, ससे, हत्ती.

कापडाचे अस्वल बेतायचे म्हणजे गोल तोंड, गोल पोट, अर्धगोल कान. गोल आकार कापडावर कितीही दाटीने मांडले तरी मधल्या जागा उरतातच. भूमितीच सांगते की एकाच मापाची वर्तुळे सरळ रांगेत मांडली तर साडेएकवीस टक्के कापड मोकळे राहते. एका रांगेतले वर्तुळ पुढच्या रांगेच्या खाचेत बसवले तरी नऊ टक्क्यांहून थोडे अधिक वाया जातेच. याहून चांगली मांडणी जगात कुणाला करता येत नाही, कारण ती गणिताचीच सीमा आहे. शिंप्याच्या दुकानातही हेच घडते. ब्लाउजचा गळा कापला की चंद्रकोर उरते, मुंढा कापला की वाकडा त्रिकोण उरतो. माणसाचे शरीर सरळ रेषांचे नाही, म्हणून जगात कातरण आहे.

या कातरणाचा एकूण आकडा छाती दडपणारा आहे. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडी कचरा जमा होतो आणि त्यातला ४२ टक्के गिरण्या-कारखान्यांतच, कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढण्याआधीच तयार होतो. मोठे तुकडे उशा-गाद्यांत भरले जातात, पुसणी होतात, पुन्हा पिंजून सूत होतात. बोटभर रुंदीच्या तुकड्यांना मात्र कुणी विचारत नाही. नेमक्या त्या मापाचे कापड ज्याला पुरते, अशी वस्तू म्हणजे मनगटावरचे ब्रेसलेट. भांडवल जवळजवळ नाही, यंत्र नाही. सुई, दोरा, कात्री, चार बटणे आणि मूठभर मणी. पण काम सोपे दिसते म्हणून ते कसेही केले तर आठवड्यात उसवते, आणि अशा वस्तूंबद्दल लोकांचे मत तिथेच कायमचे ठरते. त्यामुळे या लेखात रंगांपेक्षा पक्केपणाबद्दल अधिक बोलायचे आहे.

आधी मनगटाची गोष्ट. मराठी घरांना मनगटी दोरा नवा नाही. पूजेला बसताना नाडाछडी बांधतात, अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा दोरा असतो, तान्ह्या बाळाला काळ्या मण्यांच्या मनगट्या असतात. संक्रांतीला तर नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला आपण चक्क साखरेचे दागिने घालतो. काटेरी हलवा दोऱ्याने बांधून, सोनेरी कागदाच्या आधाराने केलेल्या त्या पाटल्या, बाजूबंद, मुकुट यांत सोने गुंजभर नसते. सगळे मोल हाताच्या कामाचे. झाशीतही ही रीत परकी नसावी, कारण १७४२ नंतर नारोशंकर इथे सुभेदार झाले तेव्हापासून मराठी घरे या बुंदेली गावात रुजली. पुढे नेवाळकरांची गादी आली, १८४२ मध्ये गंगाधररावांशी मनकर्णिकेचे लग्न इथल्याच गणेश मंदिरात लागले आणि ती लक्ष्मीबाई झाली.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत खणाच्या आणि पैठणीच्या तुकड्यांचे दागिने घरोघरी दिसू लागले आहेत. खण विणला जातो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्डला, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक पूर्वापार महाराष्ट्र. चोळी शिवून उरलेला खणाचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचे कानातले, पदक, बांगडी केली जाते. दिसायला ते देखणे असते यात शंका नाही. पण गोंदावर उभा असलेला दागिना एका पावसाळ्यात फुगतो, कडा सुटतात, पुठ्ठा मऊ पडतो. त्यापेक्षा शिवलेले, विणलेले, पीळ दिलेले ब्रेसलेट धुता येते आणि वर्षानुवर्षे टिकते. गोंदाची बाटली बाजूला ठेवणे हा या कामाचा पहिला धडा मानावा.

दुसरा धडा कापड ओळखण्याचा. तुकड्यांच्या ढिगात सुती, टेरिकॉट, रेशीम, होजियरी, मखमल असे सगळे एकत्र असते आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ओळखायची जुनी खूण म्हणजे जाळून पाहणे. चिमट्यात धरलेला धागा ज्योतीला लावला की सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन आक्रसतात, वितळतात आणि त्यांची कडक गोळी होते. हे एकदा कळले की पुढचा निर्णय आपोआप होतो. पॉलिएस्टरच्या पट्टीची कड मेणबत्तीजवळून झरकन फिरवली तर ती वितळून बंद होते आणि दशा निघत नाहीत. सुती कडेला हा उपाय चालत नाही; तिला दुमडून धावदोरा घालावा लागतो, किंवा पट्टीच तिरकी कापावी लागते.

तिरक्या पट्टीला झाशीचे शिंपी ‘उरेब’ म्हणतात. कापडातले धागे उभे-आडवे असतात. उभ्या धाग्याला समांतर कापले तर कडेचा अख्खा लांब धागा मोकळा होतो आणि सुटत राहतो. ४५ अंशांत कापले तर कडेवर फक्त धाग्यांची आखूड टोके येतात, ती एकमेकांत अडकून राहतात, म्हणून उसवणे फार कमी. शिवाय तिरकी पट्टी ताणली जाते, मनगटाभोवती सुरकुती न पडता बसते. जुन्या टी-शर्टच्या होजियरी कापडाचा गुण तर याहून मजेदार आहे. ते विणलेले नसते, फाशांनी गुंफलेले असते. बनियन किंवा टी-शर्ट आडवा कापून दोन-अडीच सेंटिमीटरची पट्टी हाताने ताणली की तिच्या दोन्ही कडा आत वळतात आणि तिची गोल दोरी तयार होते. एक टाका न घालता. लहान मुलांना या कामाची गोडी लावायची तर सुरुवात इथूनच करावी.

झाशीच्या खेळण्यांचे मखमली कातरण मात्र वेणीला चालत नाही. त्याची लव झडते आणि पीळ बसत नाही. त्याचे गोल तुकडे कापून, कडेने धावदोरा घालून, ओढून गोंडे करावेत आणि ब्रेसलेटच्या टोकाला लावावेत. चंदेरीचे तुकडे हाती लागले तर ते जपून वापरावेत. मध्य प्रदेशातली चंदेरी ही बुंदेलखंडाच्याच पट्ट्यातली; तिला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्याच्या मराठी राजघराण्यांतल्या स्त्रियांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या आश्रय दिला. तिचा झुळझुळीत पोत एकट्याने ताण सोसत नाही. आतमध्ये सुती दोरी घालून वर चंदेरीची पट्टी गुंडाळली तर जरीचा काठही दिसतो आणि भार सुतावर पडतो.

आता या सगळ्याचे मर्म: पीळ.

दोन पट्ट्या घ्याव्यात, रुंदी दोन सेंटिमीटरच्या आसपास, लांबी मात्र एकसारखी नसावी. एका टोकाला दोन्हींची एकत्र निरगाठ मारावी आणि ती टाचणीने उशीला टोचून ठेवावी. वरची पट्टी बोटांत धरून आपल्यापासून दूर अशी चांगली पिळावी आणि पिळलेली तशीच, खालच्या पट्टीवरून आपल्याकडे ओढून घ्यावी. आता खालची वर आली. तिलाही दूरच्या दिशेने पीळ द्यायचा आणि आपल्याकडे ओढायचे. बस्स, एवढेच. पाच मिनिटांत हाताला लय सापडते आणि मग डोळे दुसरीकडे असले तरी दोरी वाढत राहते. तागाची, काथ्याची, अंबाडीची दोरी वळणारे हात शतकानुशतके हेच करत आले आहेत.

ही दोरी सुटत का नाही? प्रत्येक पट्टीला एका दिशेने पीळ आहे आणि तो उलगडू पाहतो. दोन पट्ट्या एकमेकींवर गुंडाळल्या आहेत त्या उलट्या दिशेने. ती गुंडाळीही उलगडू पाहते. पण एक उलगडायची तर दुसरीला आणखी घट्ट व्हावे लागते. दोन्ही ओढी एकमेकींना रोखून धरतात आणि दोरी शांत बसते. पट्टी आणि जोडी यांना एकाच दिशेने पीळ दिला तर हात सोडताच सगळे भुर्रकन उलगडते. नवख्यांची दोरी सुटते ती याच एका कारणाने. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो, तेव्हा दोरीच्या या गुणाचीच साक्ष काढत असतो.

पट्टी संपत आली की शेवटचे चार-पाच सेंटिमीटर उरले असतानाच नवी पट्टी तिच्यावर ठेवून दोन्ही एकत्र पिळाव्यात. दोन्ही पट्ट्यांचे जोड एकाच जागी आले तर दोरी तिथेच तुटते, म्हणून लांबी सुरुवातीलाच लहान-मोठी ठेवायची. चंद्रकोरीसारखे वाकडे तुकडेही या रीतीने सामावतात, कारण पिळात सगळ्या वाकड्या कडा आत जातात. तीनपेडी वेणी अनेकांना अधिक सवयीची वाटेल. ती सुबक दिसते, पण तिला सारख्या रुंदीच्या लांब पट्ट्या लागतात, आणि वेणी घालताना लांबी चौथ्या हिश्श्याने तरी आखडते. मोजताना ते धरून चालावे. जपानच्या उत्तरेकडच्या थंड भागात कापूस पिकत नसे, तेव्हा जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून त्या आडव्या धाग्यांच्या जागी घालून नवे कापड विणत. ‘साकिओरी’ नावाची ती कला आज तिथे मानाने जपली जाते. आपल्याकडे गोधडीने तेच काम केले.

बटणांकडे वळताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी: बटण जन्माला आले ते दागिना म्हणून. मोहेंजोदडोला शंख-शिंपल्याची कोरीव बटणे सापडली आहेत, साडेचार हजार वर्षांहून जुनी, आणि ती कपडा अडकवण्यापेक्षा मिरवण्यासाठी असावीत असे मानले जाते. काज आणि बटण ही जोडी युरोपात फार पुढे, तेराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये अनाथाश्रमात वाढलेल्या हेन्री क्रॉफ्ट या सफाई कामगाराने आपला आख्खा सूट शिंपल्याच्या बटणांनी मढवला आणि तो घालून गरिबांसाठी पैसे गोळा केले. त्याची परंपरा चालवणारे ‘पर्ली किंग’ आणि ‘पर्ली क्वीन’ लंडनला अजून आहेत. आपल्या उत्तर प्रदेशात संभळ हे गाव शिंग आणि हाडाच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथली बटणे आणि मणी परदेशी जातात.

बटणाच्या धंद्यात माप ‘लाइन’मध्ये सांगतात. ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाचे बटण साधारण १८ लाइनचे, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरचे असते. ब्रेसलेट बंद करायला २४ ते ३२ लाइनचे बटण बरे. त्याहून लहान एका हाताने लावता येत नाही आणि ब्रेसलेट बहुधा एकाच हाताने लावावे लागते. काजाचा किंवा दोरीच्या फाशाचा अंदाज शिंप्यांच्या नियमाने घ्यावा: बटणाची रुंदी अधिक जाडी. बटण शिवताना ते कापडाला चिकटवू नये. मध्ये काडी ठेवून शिवावे, काडी काढून दोऱ्याचे चार वेढे बुंध्याला द्यावेत. तो छोटा दांडा नसेल तर फासा नीट बसत नाही. जुन्या शर्टांची वेगवेगळ्या रंगांची बटणे एकावर एक निम्मी चढवून ओळीने शिवली तर खवल्यांसारखी सुंदर पट्टी होते. घरातला जुना डबा उघडावा, त्यात अशी वीस-पंचवीस बटणे सापडतातच.

मणी मात्र विकत घ्यावे लागतात, आणि इथे झाशीचे भाग्य थोर. काचेच्या बांगड्यांचे फिरोजाबाद याच राज्यात; हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर काचमण्यांसाठी नावाजलेले; बनारसच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन आहे. बारीक मण्यांचे आकडे उलटे चालतात. ११ नंबरचा मणी दोन मिलिमीटरच्या आसपास, ८ नंबरचा तीन, ६ नंबरचा चार. कापडी दोरीला ६ नंबरचा मणी शोभतो. त्याहून बारीक मणी कापडात बुडून जातो. काचमण्याच्या भोकाची कड धारदार असते आणि ती साधा सुती दोरा हळूहळू कापते. माळ एक दिवस अचानक तुटते, पण तिचा दोरा कित्येक दिवस आतून झिजत असतो. म्हणून नायलॉनचा दोरा घ्यावा आणि प्रत्येक मण्यातून दोनदा न्यावा.

या बाबतीत गुरू मानावे ते पटवेकऱ्यांना. सोनाराने घडवलेले मणी, पदके, मोती रेशमात गाठवून त्यांचा दागिना करणारे हे कारागीर. उत्तरेत त्यांना पटवा म्हणतात. पूर्वी जत्रेत, बाजारात रस्त्याच्या कडेला बसून, दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ते काम करत. दोन मण्यांच्या मध्ये गाठ मारायची त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. माळ तुटलीच तर एखादाच मणी निसटतो, बाकीचे आपल्या जागी राहतात, आणि मणी एकमेकांवर घासून चरे पडत नाहीत. घानामधले क्रोबो लोक फुटक्या बाटल्यांच्या काचेची पूड मातीच्या साच्यात भाजून मणी करतात. टाकाऊ कापडाला टाकाऊ काचेची अशी जोड आपल्याकडेही कुणी द्यावी.

रंगांबाबत थोडक्यात. पाच रंग आवडले तरी एक रंग निम्म्याहून जास्त ठेवावा, म्हणजे बाकीचे उठून दिसतात. गडद सुती तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा आधी धुऊन घ्यावा, नाहीतर घामाने मनगट रंगते.

मापाबाबत बांगडीची सवय विसरावी लागते. दोन-चारची बांगडी म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास, दोन-आठची म्हणजे अडीच इंच. हे माप पंजातून बांगडी आत जाण्यासाठी असते. बटणाचे ब्रेसलेट पंजातून जात नाही, म्हणून ते मनगटाच्या घेरावर बेतावे. घेर फितीने मोजून दीड-दोन सेंटिमीटर सैल सोडावेत. जाड पिळाच्या दोरीला आणखी सेंटिमीटरभर वाढवावा, कारण जाडी आतून जागा खाते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बटणे आणि सुटे मणी अजिबात लावू नयेत. या वयात हाताला लागेल ते तोंडात जाते आणि घशात अडकते. नुसती कापडी वेणी त्यांना पुरे.

कातरणातून पोटापाण्याचे काम उभे राहते का? झाशीपासून अगदी जवळ, ओरछ्याला, डेव्हलपमेंट ऑल्टरनेटिव्हज या संस्थेचे ताराग्राम हे केंद्र आहे. तिथे स्थानिक बायका कापडाच्या कातरणाचा लगदा करून हातकागद बनवतात, आणि ते काम १९९० च्या दशकापासून सुरू आहे. दुसरे उदाहरण दक्षिणेतले. कर्नाटकातले संडूर हे एकेकाळचे घोरपड्यांचे मराठी संस्थान. तिथल्या लमाणी (लंबाणी) स्त्रियांची आरसे, कवड्या आणि ठिगळकामाची भरतकला संडूर कुशल कला केंद्राने बाजारात आणली आणि २०१० मध्ये ‘संडूर लंबाणी भरतकामा’ला भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्हीकडे यश मिळाले ते सातत्याने सारख्या दर्जाचे काम दिल्यामुळे. दयेपोटी झालेली खरेदी एकदाच होते.

किंमत ठरवताना बचत गटांच्या बायका नेहमी एक चूक करतात: माल फुकटचा, म्हणून वस्तू स्वस्त. हिशेब वेळेचा हवा. एका ब्रेसलेटला पाऊण तास लागत असेल तर सहा तासांत आठच होतात. प्रत्येकी तीस रुपयांनी विकली तर दिवसाचे दोनशे चाळीस, त्यातून मणी, दोरा, दुकानदाराचा वाटा आणि न विकलेले नग वजा जाता हाती राहणारी रक्कम मजुरी म्हणण्याच्या लायकीची नाही. म्हणून एकाच प्रकारचे वीस नग एकदम करावेत. सगळ्या पट्ट्या आधी कापून, मग सगळ्यांना पीळ, शेवटी सगळी बटणे. वेळ खरोखर वाचतो. आणि तरीही भाव साठ-सत्तरच्या खाली आणू नये.

गिऱ्हाइकाचेही काही कर्तव्य आहे. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या आणि गाळण्या वाटण्याआधी गावातल्या एखाद्या बचत गटाला महिनाभर आधी सांगून पन्नास कापडी ब्रेसलेट करून घ्यावीत, आणि भावात घासाघीस करू नये. नाहीतर घरच्या मुलामुलींना घेऊन स्वतःच करावीत. त्यासाठी आजपासून एवढेच करा: शिंप्याकडे ब्लाउज टाकताना उरलेले सगळे तुकडे, अगदी बोटभराचेसुद्धा, पिशवीत घालून परत द्यायला सांगा.